सुशीलाबाईंची फियाट बंद का पडली

सुशीलाबाई उमरीकरांना आपल्या डोक्याचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. जामबागच्या मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात पदार्थविज्ञान शिकवलं. बरकतपुऱ्यात भाजी घेताना अजूनही एखादी पिकल्या केसांची बाई मागून यायची आणि विचारायची, "बाई, ओळखलंत का?" त्यावर सुशीलाबाईंचा पहिला प्रश्न असायचा, "लोलकाचा नियम आठवतो का?" आठवला तर ओळख पटायची. नाही आठवला तर त्या बाईला भाजीच्या गाड्यापाशी उभं राहून तो पुन्हा ऐकून घ्यावा लागायचा.

दुसरा अभिमान गाडीचा. मोतिया रंगाची ती फियाट त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतली होती, त्या काळी, जेव्हा बरकतपुऱ्यात बाई स्टिअरिंगवर दिसली की पोरं गाडीमागे धावायची. यजमान मुकुंदराव सचिवालयात होते. त्यांनी आयुष्यभर फायली चालवल्या, गाडी चालवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. बाजूला बसायचं आणि बस पार नाकापाशी आली की "अगं, बस येतेय" असं सांगायचं, एवढं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं आणि ते निष्ठेनं केलं.

आता बाई सत्तरीपार गेल्या होत्या आणि मुलगा अमित वर्षभर किल्लीच्या मागे लागला होता. तो माधापूरला कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपनीत, स्वभावानं मायाळू, पण काळजी करायला लागला की थांबायचा नाही. "आई, आता पुरे. ट्रॅफिक बघ कसा झालाय. तू माग ना, दारात कॅब उभी करतो." बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. डोळे तपासून झालेत, लायसन नवं आहे, आजवर कुणाला धक्का लावलेला नाही. मग कारण काय? कारण विचारलं की अमित गप्प व्हायचा, कारण खरं कारण बोलून दाखवायची त्याला लाज वाटायची. खरं कारण होतं वय. बाईंचा गुडघा दुखायला लागला तेव्हा एका डॉक्टरांनी ते तोंडावर सांगितलं होतं, तर बाईंनी डॉक्टर बदलला. त्यांचं म्हणणं, ज्याला कारण सापडत नाही तो वयावर ढकलतो.

त्यात अमृताचं लग्न ठरलं. अमृता म्हणजे अमितची एकुलती एक लेक. ती आजीच्या फियाटच्या मागच्या सीटवर झोपून मोठी झालेली. तिनं लग्न ठरल्या दिवशीच जाहीर केलं, "हॉलवर मी आजीच्या गाडीतूनच जाणार. आणि चालवणार आजीच. बाकी डेकोरेशन-बिकोरेशन तुम्ही ठरवा, मला काही नाही." हॉल होता सिकंदराबादला. बाईंनी त्या दिवशी गाडी स्वतः पुसली. काचा पुसताना त्या गुणगुणत होत्या, हे मुकुंदरावांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

रविवारी घरी अमृताचं केळवण झालं. आदल्या दिवशी बाईंनी गाडीची टाकी काठोकाठ भरून आणली होती, लग्नाच्या धावपळीत मध्येच पेट्रोलचं बघायला नको म्हणून. केळवणाला पुरणाचा स्वयंपाक, जावा-नणंदा, हसणंखिदळणं. नवरीला ओवाळलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, वरातीची गाडीही आपलीच लेक आहे, तिलाही ओवाळा. मग फियाटच्या बॉनेटवर हळदकुंकू आलं, चाकांवर आलं, समोर निरांजन फिरलं. फोटो निघाले. बाईंना असल्या गोष्टींचं फार नव्हतं, पण गाडीचं कौतुक होत असताना मध्ये पडायला त्यांना काही कारण दिसलं नाही.

केळवणानंतर गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली ती मंगळवारी, अमृताचे ब्लाउज आणायला. आजी स्टिअरिंगवर, नात बाजूला. नारायणगुडा गेलं, आरटीसी क्रॉस रोड गेला, आणि मुशीराबादच्या चढावर गाडीनं दोन-तीन गचके दिले आणि ती बंद पडली. पूर्वसूचना नाही, आवाज नाही, धूर नाही. स्टार्टर जोरात फिरत होता, इंजिन मात्र पकडत नव्हतं. मागे हॉर्नचा कल्लोळ. ट्रॅफिक पोलिसानं "अम्मा, पक्कन पेट्टंडि", गाडी कडेला घ्या, म्हणत आधी हात हलवले आणि मग स्वतःच दोन ऑटोवाल्यांना बोलावून गाडी ढकलून कडेला लावली. बाई सरळ बसून राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीला पहिल्यांदाच कुणी ढकललं होतं.

त्यांनी बॉनेट उघडलं, वायरी हलवून पाहिल्या, काही सैल नव्हतं. समोरच्या इराण्याकडे दोघींनी चहा घेतला. परत येऊन किल्ली फिरवली तर गाडी एका झटक्यात सुरू झाली, जणू मघाशी बंद पडली होती ती दुसरीच कुणी. ब्लाउज राहू दिले आणि दोघी घरी आल्या.

निंबोलीअड्ड्याच्या गल्लीत गौसचं गॅरेज होतं. त्याच्या वडिलांपासून फियाट तिथंच जायची. गौसनं प्लग काढून ठिणगी पाहिली, कार्बोरेटर धुतलं, मग एका बाटलीत पेट्रोल भरून ती बॉनेटमध्ये टांगली, तिची नळी सरळ कार्बोरेटरला जोडली आणि गाडी गल्लीगल्लीत फिरवून आणली. गाडी एकदाही अडली नाही. "पंप गया अम्मा," तो म्हणाला. "टाकीसे पेट्रोल खींच नै रा." पंप नवीन बसला. गाडी सुरू झाली. बाईंनी मान डोलावली, पण काढलेला जुना पंप हातात घेऊन त्याचा पडदा उजेडात धरून पाहिला. पडदा त्यांना चांगला दिसत होता.

बुधवारी अमित म्हणाला, चाचणी मी घेतो. सकाळी ऑफिसच्या वेळेला तो फियाट घेऊन निघाला आणि आरटीसी क्रॉस रोडच्या ऐन मध्यावर, सिग्नल हिरवा होता होता, गाडी तशीच गचके देऊन बंद पडली. त्याच्या मागे सिटी बस होती. बसचा ड्रायव्हर त्याला काय काय म्हणाला ते अमितनं घरी सांगितलं नाही. गौस येऊन गाडी ओढून घेऊन गेला, अमित ऑटोनं घरी आला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"आई, किल्ली दे," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच बाईंना ते जास्त लागलं. "गौस पण आता तेच म्हणतोय. बुढ्ढी हो गई म्हणतोय. माझ्या मित्राच्या ओळखीत एक जण जुन्या गाड्या घेतो, शोभेला ठेवतो. चांगली ठेवेल."

"बंद का पडली?" बाईंनी विचारलं.

"जुनी झाली म्हणून!"

"जुनी झाली हे कारण नव्हे, अमित. ते वर्णन झालं. काल सकाळी ती जुनीच होती आणि नारायणगुड्यापर्यंत छान चालली. मुशीराबादला काय बदललं?"

"आई, हा काय तुझा वर्ग आहे की काय?" आणि मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "परवा अमृता गाडीत असणार. शालू नेसून, दागिने घालून. तू फ्लायओव्हरवर असताना गाडी बंद पडली आणि मागून लॉरी आली तर? मला ते सांग. कारण-बिरण राहू दे."

मुलगा बरोबर बोलत होता आणि बरोबर बोलणाऱ्याशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती. सुशीलाबाईंनी हातातली किल्ली मुठीत घट्ट धरली. गाडी गेली की त्यांचं बाहेर जाणं दुसऱ्याच्या सवडीवर येणार होतं. भाजी, बँक, जुन्या मैत्रिणी, सगळं कुणाला तरी विचारून. आणि अमृता अनोळखी ड्रायव्हरच्या मागे बसून हॉलवर जाणार होती. त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि रडू आलेलं त्यांना मुळीच आवडत नसे.

"मला उद्याचा दिवस दे," त्या म्हणाल्या. "मी कारण शोधते. नाही सापडलं, किंवा गाडीचं वयच कारण निघालं, तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात ठेवीन आणि पुन्हा मागणार नाही."

"आणि सापडलं तर?"

"सापडलं तर तू पुन्हा मागायची नाहीस."

अमितनं वडिलांकडे पाहिलं. मुकुंदराव पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ उलटलं नव्हतं. "दे रे तिला एक दिवस," ते पेपरामागून म्हणाले.

गुरुवारी सकाळी बाई गौसच्या गॅरेजात जाऊन स्टुलावर बसल्या. लग्नघरात हजार कामं होती, ती त्यांनी सुनेवर सोपवली. अमितनं सुट्टी घेतलीच होती, तोही आला. मुकुंदराव कुणी बोलावलं नसताना आले. गौस ओशाळला होता. पन्नाशीचा, हाताचा नेक माणूस, पंप बदलूनही गाडी बंद पडली ह्याची त्याला खरोखर शरम वाटत होती. "क्या बोलूं अम्मा, मेरेकू बी समझ में नै आरा. उमर हो गई इसकी."

"उमर का नाम नक्को लो, गौस," बाई म्हणाल्या. "मला ऐकीव निरीक्षण चालत नाही. मंगळवारी जे जे केलंस ते माझ्यासमोर पुन्हा कर. सगळं. पहिल्यापासून."

बाईंची ही जुनी पद्धत. वर्गात प्रयोग फसला की त्या मुलींना कधी 'चुकलं' म्हणायच्या नाहीत. सगळी मांडणी मोडायची, पुन्हा पहिल्यापासून मांडायची आणि प्रत्येक पायरीला 'हे असं का?' विचारायचं. मुली वैतागायच्या. पण त्यांच्या वर्गातला प्रयोग शेवटी यायचाच.

गौसनं प्लग काढला. ठिणगी निळी, कडक. हे असं का? म्हणजे वीज ठीक. त्यानं नळी टाकीपासून सोडून फुंकली. हवा आरपार. म्हणजे नळी तुंबलेली नाही. पंप नवा. बाई एकेक गोष्ट बोटावर मोजून बाजूला सारत होत्या. मग त्या म्हणाल्या, "थांबल्यावर गाडी आपोआप बरी होते. औषध न घेता. असं काय आहे जे नुसतं थांबल्यानं बरं होतं?"

"गरमी," गौस म्हणाला. "कॉइल गरम होता, थंडा हुआ तो फिर चलता."

"पण बाटलीवर तू तिला बराच वेळ फिरवलीस. तेव्हा गरम झाली नाही का?"

गौसनं डोकं खाजवलं. "हुई ना अम्मा. बराबर गरम हुई."

"मग उष्णता सुटली. बाटली दाखव."

ती सलाईनची रिकामी प्लास्टिकची बाटली होती. गौसनं ती उलटी टांगली, नळी जोडली, आणि पेट्रोल उतरेना म्हणून खिशातला दाभण काढून बाटलीच्या वर आलेल्या बुडाला एक भोक पाडलं. मंगळवारच्या बाटलीलाही त्यानं ते पाडलंच असणार. हात इतका सरावलेला की त्याला ते केल्याचं कळलंसुद्धा नाही. पेट्रोल नळीतून सरसर उतरलं.

"हे भोक कशाला?" बाईंनी विचारलं.

"हवा जाने के वास्ते. हवा अंदर नै गई तो पेट्रोल कैसा उतरता अम्मा?"

सुशीलाबाई स्टुलावरून उठल्या. उभी हयात ज्या मुलींच्या डोक्यात त्यांनी हवेचा दाब घातला, त्या सगळ्या जणू गॅरेजच्या दारात येऊन बाई, बाई, मी सांगू, करत हात वर करून उभ्या राहिल्या होत्या. आणि स्वतः बाईच दोन दिवस पंपाकडे बघत बसल्या होत्या. त्यांना स्वतःचा राग आला, पण फार वेळ नाही. आनंद जास्त होता.

"गौस, मग टाकीत हवा कुठून जाते?"

गौसचा हात तसाच बाटलीवर राहिला. "ढक्कन से," तो सावकाश म्हणाला. "ढक्कन में सुराख रहता."

तो उठून मागच्या चाकाकडे निघाला, पण बाईंनी त्याला दंडाला धरून थांबवलं. "झाकणाला हात लावू नकोस. कुणीही लावू नका. आत्ता उघडून पाहिलं तर तो अंदाज झाला. मला पुरावा हवाय, माझ्या मुलाला दाखवण्याइतका." त्या अमितकडे वळल्या. "ऐक. मी आत्ता आधी सांगते आणि मग करून दाखवते. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा आत यायला पाहिजे. ती येत नसणार. मग आत पोकळी होते, पंप ओढून ओढून दमतो, इंजिन उपाशी मरतं. थांबलं की कुठून तरी चोरवाटेनं थोडी थोडी हवा शिरते, म्हणून गाडी पुन्हा चालते. टाकी मी काठोकाठ भरली होती, आत हवेला जागाच थोडी, म्हणून इतक्या लवकर बंद पडते. आता आपण गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. पडली की बॉनेट उघडायचं नाही, थांबायचं नाही. मी फक्त झाकण उघडणार. माझं खरं असेल तर टाकी आत श्वास ओढेल, तुम्हा सगळ्यांना ऐकू येईल, आणि गाडी त्या क्षणी सुरू होईल. खोटं असेल तर ही किल्ली तुझी."

अमितनं फक्त मान हलवली. आईचा हा आवाज त्यानं लहानपणी ऐकला होता, दहावीच्या परीक्षेआधी.

बाटली काढली, नळी पुन्हा पंपाला जोडली. बाई स्टिअरिंगवर बसल्या, गौस बाजूला, बापलेक मागे. बाईंनी विद्यापीठाच्या आतला रस्ता धरला. झाडं, मोकळा रस्ता, मागून लॉरी येण्याची भीती नाही. गाडी झकास चालत होती. आर्ट्स कॉलेज मागे पडलं तरी चालतच होती आणि बाईंना आयुष्यात पहिल्यांदा आपली गाडी बंद पडावी असं वाटत होतं. न पडली तर? ती घरी नीट गेली आणि उद्या फ्लायओव्हरवर पडली तर?

मग गचका बसला. आणखी एक. आणि इंजिन गेलं.

"पडली!" बाई ओरडल्या. कुणाला नोबेल मिळाल्यावर सुद्धा एवढा आनंद होणार नाही. कडेला गाडी घरंगळवली, हँडब्रेक ओढला, दोनदा स्टार्टर मारून इंजिन पकडत नाही हे अमितला दाखवलं, आणि दुखरा गुडघा विसरून त्या मागच्या चाकाकडे गेल्या. तिथली छोटी झडप उघडली. आत टाकीचं झाकण, कुलपाचं, जुनं हरवल्यावर राणीगंजहून आणलेलं. बाईंनी त्याची वेगळी किल्ली घातली, फिरवली आणि झाकण सोडलं.

सुऽऽऽस्स. बराच वेळ. बुडता बुडता वर आलेल्या माणसानं दम घ्यावा तसा टाकीनं दम घेतला. रस्त्यावरून जाणारा एक विद्यार्थी सायकल थांबवून बघायला लागला.

"अमित, किल्ली फिरव."

अमितनं पुढे वाकून किल्ली फिरवली. स्टार्टर फिरतोय तोच इंजिन पकडलं आणि एका लयीत घुमू लागलं. गौस दरवाजा उघडून बाहेर आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. "अम्मा! क्या दिमाग है अम्मा!" सुशीलाबाईंनी नाही-नाही, कसलं काय, असलं काहीही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "आहेच मुळी."

आता झाकण बघायचं. बाईंनी ते उलटंपालटं केलं. कुलपाच्या छिद्राशेजारी हवेचं एक बारीक भोक असतं, ते दिसत नव्हतं. त्या जागी पिवळसर तपकिरी, दगडासारखा कडक झालेला लपका होता आणि त्यावर दोन-चार मुंग्या फिरत होत्या. गौसनं नखानं खरवडला, वास घेतला, आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"अम्मा, ये तो पूरन है."

"काय?"

"पूरन. वो पोली में डालते ना, चने की दाल का. आप लोगां हर साल मेरे घर को भेजते. इलायची की बास आरी."

अमितनं हळूच वडिलांकडे मान वळवली. मुकुंदराव खिडकीतून विद्यापीठाची झाडं पाहत होते, वनस्पतिशास्त्राचा गाढा अभ्यास असल्यासारखे.

"अहो," सुशीलाबाई म्हणाल्या.

"तिचं पण केळवण होतं ना," मुकुंदराव झाडांकडेच पाहत म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी नुसतं हळदकुंकू लावलंत. केळवणाला बोलवायचं आणि जेवायला घालायचं नाही, हे काय बरं दिसतं? एक घास घेऊन गेलो. तूप घालून. तोंड उघडेना, किल्ली तुझ्याकडे. मग तिथंच दाबून बसवला. पडू नये म्हणून जरा घट्ट बसवला."

मग अमित हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं डोकं पुढच्या सीटच्या पाठीवर टेकवलं. गौस पोट धरून रस्त्याच्या कडेला बसला. बाईंना रागावायचं होतं, तसा त्यांनी चेहराही केला. "अहो, तोंड नव्हे ते! नाक आहे तिचं! जेवायला घालताना नाकात घास कोंबलात तुम्ही माझ्या लेकीच्या!" आणि मग त्यांनाही हसू आवरेना. ज्या माणसानं उभ्या जन्मात त्या गाडीचा गिअर बदलला नव्हता, त्याला तिच्या पोटाची काळजी होती, हे त्यांना रागावता रागावता लक्षात आलं.

गौसनं दाभणानं भोक मोकळं केलं, फुंकून पाहिलं, आणि झाकण बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते स्वतः बसवलं. मग त्यांनी गाडी थेट सिकंदराबादपर्यंत नेली आणि परत आणली, मुशीराबादचा चढ दोन्ही बाजूंनी चढून. गाडी एकदाही अडली नाही. परत येताना अमित पुढे बसला होता.

"आई, तुला हे कळलं कसं?"

"कळलं नाही. शोधलं," बाई म्हणाल्या. "गौसनं भोक पाडलं, मी विचारलं. दोघांचं आहे." थोड्या वेळानं त्या पुन्हा म्हणाल्या, "पण विचारलं मी."

लग्नाच्या दिवशी सकाळी बाईंनी नऊवारी नाही, नेहमीची कडक इस्त्रीची सुती साडी नेसली, पदर कमरेला खोचला. घरातल्या पोरी म्हणाल्या, आजी, आज तरी रेशमी. बाई म्हणाल्या, रेशीम हॉलवर गेल्यावर, पेडलवर सुतीच बरं. अमृता शालूसकट मागे बसली, शेजारी मुकुंदराव, मांडीवर नारळ धरून. अमित दुसऱ्या गाडीतून मागे येत होता. तो म्हणाला होता, मी पुढे राहतो, रस्ता मोकळा करतो. बाई म्हणाल्या, तू मागे राहा, माझ्या मागे कुणी लॉरी येऊ देऊ नकोस.

मुशीराबादच्या चढावर अमृतानं मागून आजीच्या खांद्यावर हात ठेवला. ती घाबरली होती की लाडात आली होती ते बाईंनी विचारलं नाही. त्यांनी गिअर उतरवला आणि ॲक्सिलरेटर दाबला. फियाट घुमत घुमत चढ चढून गेली. पलीकडच्या उतारावर बाईंचे डोळे भरून आले, आणि ह्या वेळी त्यांनी ते येऊ दिले. "अगं, बस येतेय," मुकुंदराव मागून म्हणाले. बस खरंच येत होती.

हॉलच्या फाटकाशी वऱ्हाड उभं होतं. बँडवाल्यांनी सूर धरला, फुलं उधळली गेली. नवरी कुठल्या चकचकीत गाडीतून येणार म्हणून सगळे मान उंचावून होते, तर फाटकातून मोतिया रंगाची जुनी फियाट आत आली आणि स्टिअरिंगवर पांढऱ्या अंबाड्याची बाई. व्याही पुढे होऊन बघतच राहिले. अमृताला उतरवून घेतलं, ओवाळलं, सगळी गर्दी तिच्याबरोबर दाराकडे सरकली. फियाट तेवढी फाटकात राहिली. मागच्या गाड्या अडल्या होत्या, आणि हॉलच्या भिंतीलगत दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये एकच अरुंद जागा उरली होती.

अमित धावत आला. झब्ब्याच्या बाह्या सावरत त्यानं खिडकीपाशी हात पुढे केला. तो हात किल्लीसाठी होता, हे दोघांनाही कळलं. पार्किंगपुरताच होता, पण होता किल्लीसाठी. त्यानं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

मग तो वळून गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर करून. व्याही, वऱ्हाडी, बँडवाले, सगळे बघत होते. बाईंनी रिव्हर्स टाकला, मान वळवली.

"येऊ दे, आई!" अमित सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला. "जागा आहे. येऊ दे, येऊ दे!"